फ्लेक्सचं डिझाईन स्टेटसले कायले टाकता भाऊ? फोटो-व्हिडिओच्या साईजचं सगळं गणित

मागच्या सीझनची गोष्ट. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलजोडीची शर्यत) अन् रातभरची नाटकं सुरू होतात आणि आमच्यासारख्या फ्लेक्सवाल्यांना जेवायलाही टाईम भेटत नाही. एका गावच्या मंडळाचं नाटक होतं, बोर्ड केला सहा बाय तीन फुटाचा, झकास झाला, तर मंडळाचा पोरगा म्हणते, "भाऊ, हेच मले पाठवून द्या न, इन्स्टाले टाकतो." दिलं पाठवून. त्यानं ते चौकोनी करून टाकलं. डावीकडं तारीख होती, उजवीकडं गावाचं नाव, दोन्ही गेलं, मधात राहिले हिरो-हिरोईनचे चेहरे अन् नाटकाचं नाव. पोस्ट शेअर मात्र धडाधड झाली. दोन दिवस माझा फोन वाजून राहिला, "भाऊ, नाटक कधी हाय? अन् कुठी हाय?"

चूक त्या पोराची नाही, माझी होती. सहा बाय तीनचा आडवा बोर्ड चौकोनात बसवला तर बरोबर अर्धा भाग कापला जाते, हे मला दिसायला पाहिजे होतं. अन् न कापता पूर्ण टाकला असता तरी काय? सहा फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर, मोबाईल उभा धरला तर स्क्रीनची रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बोर्ड २६ पट बारीक झाला. बोर्डवर तारखेचं अक्षर १० सेंटिमीटरचं होतं, मोटारसायकलवर जाणाऱ्यालाही दिसे, ते मोबाईलवर चार मिलिमीटरचं होते. चला, वाचता येते. पण खाली संपर्काचे नंबर अडीच सेंटिमीटरचे होते, ते झाले एक मिलिमीटर. मुंगीएवढे.

तेव्हापासून मी फ्लेक्सची फाइल कोणाला सोशल मीडियासाठी देतच नाही, वेगळं बनवून देतो. ते कसं बनवायचं ते इथं सांगून राहिलो. कृषी केंद्रवाले, बचत गटाच्या ताई, पटाचे व्हिडिओ टाकणारी पोरं, सगळ्यांच्या कामाचं आहे. कॉम्प्युटर नसला तरी चालते, मोबाईलवर डिझाईनसाठी कॅनव्हा अन् व्हिडिओसाठी इनशॉट, एवढ्या दोन ॲपात सगळं होते.

आधी आकार, पिक्सेल मग

लोक दुकानात येऊन पहिले विचारतात, "किती एमबीचा पाहिजे?" नाहीतर, "फुल एचडी करून द्या." हा प्रश्नच उलटा आहे. पहिले विचारायचं, हे पाहणारा कुठं पाहणार? स्टेटसवर, इन्स्टाच्या फीडवर, की यूट्यूबवर? त्यावरून आकार ठरते, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण. पिक्सेल म्हणजे त्या आकारात किती ठिपके भरायचे, बस. आकार चुकला तर ठिपके कितीही भरा, तारीख कटायची ती कटतेच.

आकार चारच लक्षात ठेवा. पूर्ण उभा म्हणजे ९:१६, साईज १०८० बाय १९२०, स्टेटस, स्टोरी, रील अन् शॉर्ट्ससाठी. जरासा उभा म्हणजे ४:५, १०८० बाय १३५०, इन्स्टा अन् फेसबुकच्या साध्या पोस्टसाठी. चौकोन १०८० बाय १०८०, डीपी-लोगोसाठी. आडवा १६:९, यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओसाठी १९२० बाय १०८० अन् थंबनेल म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसते त्या चित्रासाठी १२८० बाय ७२०. पहिला आकडा नेहमी रुंदीचा, दुसरा उंचीचा, यात गोंधळले तर कॅनव्हात पान आडवं होऊन बसते अन् अर्ध्या तासानं लक्षात येते.

कॅनव्हात उघडताना "इन्स्टाग्राम पोस्ट" असं तयार टेम्प्लेट न घेता कस्टम साईज घ्या अन् आकडे स्वतः टाका. तयार टेम्प्लेट कधी चौकोनी निघते कधी उभं, अन् मधातच साईज बदलायचं बटण पैसेवाल्या प्लॅनमध्ये आहे, फुकटच्यात नाही.

मोबाईलनं फोटो काढत असाल तर कॅमेरा ४:३ वरच ठेवा. बरेच जण स्क्रीन भरून दिसते म्हणून "फुल" करून ठेवतात, पण सेन्सर मुळात ४:३ चा असते, "फुल"मध्ये तो बाजूचा भाग कापून टाकते. नंतर कापायला हात मोकळा पाहिजे, आधीच कापून ठेवू नका.

इन्स्टाग्राम: इथं सगळ्यात जास्त कटते

इन्स्टा फोटोची रुंदी १०८० पेक्षा जास्त ठेवतच नाही. तुम्ही ४००० पिक्सेलचा टाकला तर ते बारीक करते, अन् ते बारीक करणं त्यांच्या हिशोबानं होते, तुमच्या नाही. कोणी सांगते न, की मोठा टाकला म्हणजे क्लिअर येते, तसं काही येत नाही. आपणच १०८० करून टाकायचा.

चौकोनी पोस्टची सवय सोडा. एक तर उभी पोस्ट स्क्रीनवर जास्त जागा खाते, पाहणाऱ्याचं बोट थांबते. दुसरं म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला इन्स्टानं प्रोफाइलचे चौकोनी डबे काढून ३:४ चे उभे केले. आता तुमची जुनी १०८० ची चौकोनी पोस्ट प्रोफाइलवर मधातली ८१० एवढीच दिसते, दोन्हीकडून १३५-१३५ पिक्सेल गायब. एका कृषी केंद्रवाल्या काकांच्या सगळ्या जुन्या पोस्टवर दुकानाचं नाव कडेला होतं, आता प्रोफाइल उघडली की प्रत्येक डब्यात नावाचं पहिलं अन् शेवटचं अक्षर खाल्लेलं. काका म्हणे, "कोणी हॅक केलं का रे बावा?" हॅक नाही काका, डबा बदलला. ४:५ ची पोस्ट असली तर दोन्हीकडून फक्त ३४-३४ पिक्सेल जातात, म्हणून कडेपासून ६०-७० पिक्सेल मोकळे सोडले की टेन्शन नाही. त्याच वर्षी ३:४ म्हणजे १०८० बाय १४४० ची पोस्टही चालू झाली, ती प्रोफाइलवर पूर्ण दिसते, अन् मोबाईलचा उभा फोटो मुळातच ३:४ असते, तो न कापता जाते. पण तीच पोस्ट फेसबुकवरही टाकायची असेल तर मी अजून ४:५ च वापरतो.

आता रील. इथं साईज बरोबर असून मार खातात लोक. १०८० बाय १९२० पूर्ण भरतात अन् नंबर टाकतात एकदम खाली. पण खाली तर आपल्या खात्याचं नाव, कॅप्शन, गाण्याचं नाव येते, उजवीकडं लाईक-शेअरची बटणं. मेटा, म्हणजे इन्स्टा-फेसबुकची कंपनी, आपल्या जाहिरातदारांना जे सांगते ते आपणही पाळायचं: वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के अन् दोन्ही बाजूचे ६-६ टक्के अक्षराविना ठेवा. पिक्सेलमध्ये वर २७०, खाली ६७०, बाजूला ६५. म्हणजे अक्षरांसाठी उरला साधारण ९५० रुंद अन् ९८० उंच डबा, तोही मधात नाही, जरा वरच्या बाजूला. कॅनव्हात मी एक पान असं करूनच ठेवलं आहे, वर-खाली फिकट लाल पट्टे मारून, डिझाईन त्याच्यावर करायचं अन् शेवटी पट्टे डिलीट. एकदा पट्टे डिलीट करायचे विसरलो होतो, ते सांगत नाही.

रीलचं कव्हर प्रोफाइलवर दिसताना वरून २४० अन् खालून २४० कटते. आता सांगितलेल्या अक्षरांच्या डब्यात नाव लिहिलं असलं तर ते कटत नाही, वेगळं काही करायची गरज नाही.

नाटकवाल्यांचा एक प्रॉब्लेम असते, सगळ्या कलाकारांचे फोटो पाहिजेत, एकाचाही राहिला तर रुसवे. बोर्डवर जमते, मोबाईलवर पंधरा चेहरे घातले तर एकही ओळखू येत नाही. उपाय सोपा, एका पोस्टमध्ये २० पर्यंत फोटो टाकता येतात. पहिल्या फोटोवर नाटकाचं नाव, तारीख, गाव, बस. दुसऱ्यापासून कलाकार, चार-चारच्या गटानं. शेवटच्यावर संपर्क अन् तिकीट दर. फक्त सगळे एकाच आकारात बनवा, कारण पहिल्या फोटोचा आकार बाकीच्यांना लागते अन् मागचे कटतात.

व्हॉट्सॲप: आपलं गाव तर इथंच आहे

खरं सांगायचं तर आमच्याकडं इन्स्टापेक्षा स्टेटस चालते. स्टेटससाठी तेच १०८० बाय १९२०, वर नावाची पट्टी येते अन् खाली कॅप्शन अन् रिप्लायची जागा, म्हणून वर-खाली अडीचशे-साडेतीनशे पिक्सेल सोडायचे. आडवा फोटो टाकला तर वर-खाली रिकामे पट्टे येतात अन् मधात पोस्टकार्डाएवढं डिझाईन. सहा बाय तीनचा बोर्ड स्टेटसवर टाकला तर १९२० पैकी फक्त ५४० उंची वापरली जाते, पाऊण स्क्रीन फुकट.

आता फोटो "फाटतो" कायले, ते पाहा. साध्या पद्धतीनं पाठवला की व्हॉट्सॲप फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते अन् फाइल हलकी करायला दाबून टाकते. एकदाच झालं तर चालून जाते. फॉरवर्ड केल्यानंही तेवढं बिघडत नाही, तीच फाइल पुढं जाते. बिघडते तेव्हा, जेव्हा एकजण स्क्रीनशॉट काढते, त्याच्यावर दुसरा आपलं नाव टाकून सेव्ह करते, गॅलरीतून परत पाठवते, तिसरा ते इन्स्टावर टाकते. प्रत्येक वेळी परत दाबणं. ओल्या कपड्यासारखं पिळून-पिळून रंग जाते. शेवटी माझ्याकडं येतात, "भाऊ, हा फोटो क्लिअर करून द्या." निघालेला रंग परत कुठून आणू?

म्हणून मूळ फाइल पाठवताना क्लिपच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जशीच्या तशी जाते. नाहीतर फोटो पाठवताना वर एचडीचं बटण दाबा, २०२३ पासून आहे पण दाबते कोण. सेटिंगमध्ये स्टोरेज अन् डेटामध्ये अपलोड क्वालिटी कायमची एचडी करून ठेवता येते. इन्स्टाच्या सेटिंगमध्येही मीडिया क्वालिटीमध्ये हायेस्ट क्वालिटीचं बटण आहे, ते बंद असते अन् लोक मोबाईलला नावं ठेवतात.

डीपीचं एकच सांगतो. तो गोल दिसते. चौकोनाचे चारही कोपरे जातात, म्हणून दुकानाचं नाव कोपऱ्यात नको अन् मोबाईल नंबर तर डीपीत अजिबात नको, वाचतच नाही कोणी.

फेसबुक अन् यूट्यूब

फेसबुकच्या साध्या पोस्टला ४:५ वालंच चालते. डोकं खाते ते कव्हर, म्हणजे पेजवरचा मोठा आडवा फोटो. कॉम्प्युटरवर ८२० बाय ३१२ दिसते अन् मोबाईलवर ६४० बाय ३६०, म्हणजे एकावर वरून-खालून कटते, दुसऱ्यावर बाजूनं. १६४० बाय ७२० चं बनवा, दोन्ही बाजूला १८०-१८० अन् वर-खाली ५०-५० पिक्सेल मोकळे सोडा, मधात जे राहील ते दोन्हीकडं दिसते.

यूट्यूबच्या थंबनेलवर खाली उजव्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ येते, तिथं अक्षर नको. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा. चॅनेलचं बॅनर २५६० बाय १४४० मागतात पण मोबाईलवर दिसते मधातलं १५४६ बाय ४२३ एवढंच, बाकीचं टीव्हीवाल्यांसाठी. गावच्या चॅनेलवाल्यांनी बॅनरवर पूर्ण कमिटीचे फोटो टाकले होते, मोबाईलवर सगळ्यांचे गळे दिसून राहिले होते. शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात.

अक्षर वाचलं पाहिजे

१०८० पिक्सेल सात सेंटिमीटरात बसले म्हणजे १५ पिक्सेलला एक मिलिमीटर. तीन मिलिमीटरपेक्षा बारीक अक्षर आपल्या आईवडिलांना वाचता येत नाही, म्हणून ४५ पिक्सेलच्या खाली जायचंच नाही. अन् हे ४५ म्हणजे नुसत्या अक्षराची उंची, वरची वेलांटी अन् खालचा उकार सोडून, म्हणून फॉन्ट साईज त्याहून बरीच मोठी घ्यावी लागते. दोन ओळींत अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकते. बारीक रेघेचे फॉन्ट सुंदर दिसतात पण दाबल्यावर पहिले तेच मरतात, मुक्ता किंवा बलूसारखा जाड घ्या.

रंगाचं एक गंमतीचं आहे. हिरव्यावर लाल अक्षर, आमच्या कृषी केंद्रवाल्यांचं आवडतं, बोर्डवर मस्त दिसते अन् मोबाईलवर कडा पसरून जातात, जसं कागद ओला झाला. कारण असं की जेपीजी अन् व्हिडिओ दोन्हीत जागा वाचवायला उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवतात पण रंगाची माहिती जाडीभरडी करतात. लाल अन् गडद हिरवा उजेडाला जवळपास सारखेच, फरक फक्त रंगाचा, तोच नेमका पुसला जाते. मरून रंगावर पांढरं, काळ्यावर पिवळं, असं घ्या. कॅनव्हातून काढताना फक्त अक्षरंच असली तर पीएनजी, फोटो असला तर जेपीजी.

अन् फ्लेक्सवाल्याकडून फाइल घेत असाल तर त्याला सांगा, आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगात, काढून दे. छपाईची फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे शाईच्या रंगात असते, ती तशीच टाकली की रंग भलतेच येतात.

व्हिडिओ: पटाची जोडी फ्रेममधून पळून जाते

शंकरपटात पोरं आडव्या बाजूला उभी राहून मोबाईल उभा धरतात. जोडी डोळ्याचं पातं लवते न लवते तोच फ्रेममधून निघून जाते, व्हिडिओत उरते धूळ अन् समोरच्या माणसाची टोपी. उभा व्हिडिओ पाहिजे असेल तर दानीच्या, म्हणजे जोड्या पळायच्या पट्ट्याच्या, शेवटाकडं, कठड्याच्या बाहेर, अन् जोडी आपल्याकडं येते अशी जागा धरा. मग बैल उभ्या फ्रेममध्ये मोठे होत येतात अन् जोडी हाकणारा धुरकरीही दिसते. कठड्याच्या आत जाऊ नका, रीलपायी हातपाय मोडून घ्यायची गरज नाही.

बाजूनंच घ्यायचं असेल तर मोबाईल आडवा धरा अन् ४के मध्ये घ्या. गणित असं: ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, त्यातून उभा तुकडा कापला तर १२१५ बाय २१६० निघते, रीलला १०८० लागतात, म्हणजे पुरून उरते. तेच साध्या १०८० मध्ये आडवं घेतलं तर उभा तुकडा निघते फक्त ६०७ रुंद, त्याला ताणून १०८० केलं की फुटते. ४के चा एवढाच फायदा आहे, कापायला जागा भेटते. टाकताना शेवटी १०८० च करायचं.

रात्रीच्या नाटकाला सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवू नका, ३० वर ठेवा, कारण फ्रेम वाढल्या की प्रत्येकीला उजेड कमी भेटते अन् स्टेज काळं येते. अन् स्टेजच्या लाईटचे पट्टे वर-खाली सरकताना दिसले तर समजा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे अन् ३० फ्रेमचा तिच्याशी मेळ बसत नाही. कॅमेऱ्यात प्रो मोड असला तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/५० सेकंद करा, नाहीतर २५ फ्रेम भेटत असतील तर ते घ्या, पट्टे जातात.

इनशॉटमधून काढताना १०८०, ३० फ्रेम, एमपी४. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, विचारलं तर ८ एमबीपीएस पुरे, यूट्यूबही १०८० साठी एवढंच सांगते. एमबीपीएसमधला एमबी म्हणजे मेगाबिट, आठ मेगाबिटचा फाइलचा एक एमबी, म्हणून आठ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक एमबी, मिनिटाला ६०. आता गावात रात्री अपलोडचा स्पीड एक एमबीपीएस भेटला तर ६० एमबीला आठ मिनिटं लागतात, अन् त्यात लाईन गेली की टॉवरही जाते. अशा वेळी ७२० अन् ५ एमबीपीएसवर काढा, मिनिटाला ३७-३८ एमबी होते. मी तर पहाटे उठून टाकतो, नेट मोकळं असते.

एकाच डिझाईनवर सगळं भागवायचं असेल तर १०८० बाय १९२० वर बनवा, सगळी अक्षरं रीलसाठी सांगितलेल्या त्या डब्यात ठेवा, बाकी जागेत नुसतं बॅकग्राउंड. मग वरून शंभर सोडून १३५० उंचीचा तुकडा कापला की पोस्ट तयार. आडवं मात्र वेगळंच बनवा, उभ्यातून आडवं कधी निघत नाही.

अन् टाकायच्या आधी दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहा. माझ्या दुकानासमोर चहाची टपरी आहे, तिथल्या काकांचा मोबाईल जुना, काच फुटलेली, ब्राइटनेस अर्धा. प्रत्येक पोस्ट पहिले त्यांना पाठवतो अन् इथूनच ओरडून विचारतो, "काका, तारीख काय हाय?" चष्मा न लावता सांगितली तर टाकून देतो. परवा म्हणाले, "तारीख दिसली बावा, पण नाटक रातचं हाय का दिवसाचं?" वेळच लिहायची राहिली होती.